थोडं ॲडजस्ट करा की राव!

आमच्या उमरग्याच्या स्टँडवर एसटी लागली की तिघांच्या बाकावर चौथा येणारच. मराठी असेल तर म्हणेल, ‘थोडं ॲडजस्ट करा की.’ दखनी बोलणारा म्हणेल, ‘थोडा ॲडजस्ट करो ना भाई.’ आणि कन्नड असेल तर, ‘स्वल्प ॲडजस्ट माडि!’ भाषा तीन, शब्द एकच. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. 1956च्या प्रांतरचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो, शेजारचे बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. मध्ये सीमा आली, पण बोलण्यातली सरमिसळ काही सुटली नाही.

आता हेच वाक्य लंडनच्या बसमध्ये टाकून बघा. समोरचा गोंधळून विचारेल, काय ॲडजस्ट करू? इंग्रजीत आरसा, घड्याळ, सीटबेल्ट ॲडजस्ट करतात. म्हणजे वस्तू थोडी इकडेतिकडे करून नेमकी बसवायची. आपला गॅरेजवाला क्लच ॲडजस्ट करतो, तो याच अर्थानं. दुसरा अर्थ सरावण्याचा. नव्या शहराला, नव्या नोकरीला माणूस ॲडजस्ट होतो. बसायला जागा हवी असेल तर तिकडे सरळ म्हणतात, ‘कुड यू मूव्ह अप अ बिट?’

पण गंमत पुढेच आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘युक्स्टा’ म्हणजे ‘जवळ’. ॲडजस्ट करणं म्हणजे मुळात जवळ आणणं! म्हणजे आपला एसटीतला चौथा गडी मूळ अर्थाला अगदी खेटूनच बसलाय म्हणायचा.

मला खटकतो तो या शब्दाचा एसी ऑफिसातला अवतार. ‘या वीकेंडला जरा ॲडजस्ट कर ना.’ किंवा लग्नाच्या बैठकीतला, ‘मुलीनं थोडं ॲडजस्ट करायला हवं.’ काय करायचं, किती दिवस करायचं, सगळं गुलदस्त्यात. नाही म्हणावं तर आपणच आडमुठे ठरतो, कारण शब्द कसा मऊ, गोड! एसटीच्या बाकावर निदान चौघंही अंग चोरून बसतात, आणि कोण कुठं उतरणार हे तिकिटावर छापलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘ॲडजस्ट कर’ म्हटलं की हसत तीन प्रश्न विचारा. नेमकं काय? कधीपर्यंत? आणि बाकीचे किती सरकणार? उत्तरं मिळाली तर खुशाल सरका. नाही मिळाली तर, बॉस, ऐसपैस बसून राहा.