मान धरते ती का?

माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं. मान ताठ असली की मणके हा भार सहज पेलतात. ती पुढे झुकली की मानेमागच्या स्नायूंना तोच भार ओढून धरावा लागतो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशेब मांडला: ६० अंश झुकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोचा ताण येतो.

घरून काम करणाऱ्यांची अडचण लॅपटॉपच्या रचनेतच आहे. पडदा आणि कीबोर्ड जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात आरामात ठेवले तर मान खाली जाते. म्हणून महागड्या खुर्चीआधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचा; पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. डायनिंग टेबल उंच पडत असेल तर खुर्चीवर उशी घ्या, आणि मग पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवा.

खिडकी बाजूला असावी. पाठीशी असली की पडदा चकाकतो. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. अधूनमधून दूरच्या झाडाकडे नजर न्या, आणि तासाभरात एकदा तरी उठून चाला.