घराचा हप्ता आणि संसाराची पहिली वर्षे

अहिल्यानगर शहरालगत मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यात काम करणाऱ्या आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. तुमच्यापैकी काहींना कल्पनेची गरजही पडणार नाही. पगार नियमित आहे, मुले लहान आहेत, तरी घर घेणे साधत नाही. याचे कारण केवळ घराच्या किमतीत शोधले, तर अर्धेच उत्तर हाती लागते. उरलेले अर्धे कर्जफेडीच्या रचनेत असते.

समजा, या कुटुंबाने १५ लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी, द.सा.द.शे. ९ दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये येईल. व्याज शिल्लक मुद्दलावर आकारले जात असल्याने पहिल्या हप्त्यातील ११,२५० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते ते जेमतेम सव्वादोन हजार. पाच वर्षांत आठ लाखांहून अधिक रक्कम भरूनही १३ लाख ३० हजारांच्या आसपास कर्ज शिल्लक राहते. ही पाच वर्षे कोणती, याकडे लक्ष द्या. बाळंतपण, दूध-औषधे आणि शाळाप्रवेश यांचीच ती वर्षे. याच काळात एका व्यक्तीची, बहुधा आईची, कमाई थांबलेली असते. पुढे पगार वाढला की तोच हप्ता हलका वाटू लागतो, पण तोवर निभावायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. मुदत ३० वर्षे केली, तर हप्ता केवळ १,४०० रुपयांनी घटतो आणि एकूण परतफेड सुमारे ११ लाखांनी वाढते.

म्हणून अनेक जण शहराच्या कडेला गुंठाभर, म्हणजे १,०८९ चौरस फूट, शेतजमीन घेतात. ती स्वस्त पडते. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा व्यवहाराची नोंद अडत आली आहे, आणि निर्वेध कागदपत्रांवाचून बँक सहसा गृहकर्ज देत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने शुल्क भरून अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली झाली.

सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि पक्के घर नसलेल्या कुटुंबाला गृहकर्जावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचे व्याज अनुदान आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते, म्हणजे नेमके ओढगस्तीच्या वर्षांत. ज्याच्या गुंठ्याला गृहकर्जच मिळालेले नाही, त्याला मात्र या अनुदानाचा उपयोग नाही.