कुळाचा पक्ष, वाडीचे आंदोलन

विरार ते अलिबाग असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता शासनाने आखला आहे. वसई, भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण, पेण, अलिबाग अशा तालुक्यांच्या शेतांतून आणि खार जमिनींतून तो जाईल. त्याच्या दक्षिण टोकाला शेतकरी कामगार पक्षाचा म्हणजे शेकापचा बालेकिल्ला उभा राहिला. उत्तर टोकाला, वसईत, शेतकऱ्यांनी मोठमोठी आंदोलने केली, पण शेतकऱ्यांचा पक्ष मात्र तिथे रुजला नाही. मुंबईने दोन्हीकडच्या जमिनींवर हक्क सांगितला. म्हणूनच वसईच्या माणसाने शेकापचा इतिहास नीट वाचला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

चरीचे धडे

या इतिहासाची सुरुवात पक्षाच्या जन्माआधी होते. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात तेव्हा खोती होती. भात पिकवायचे कुळाने, आणि खळ्यावरून धान्य उचलायचे खोताने. शिवाय घरची-दारची वेठ वेगळीच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावात पंचवीस गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवले की खोताची जमीन कसायची नाही. एखाद-दुसरा हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत शेते ओस राहिली. रानातली लाकडे विकून, खाडीतली मासळी-चिंबोऱ्या धरून लोकांनी दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. पुढे १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी अलिबागहून ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र सुरू झाले. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही मान्यता आली, तिच्यामागे चरीच्या त्या सहा वर्षांचे बळ होते.

आळंदी ते दाभाडी

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. कुळांचे आणि शेतमजुरांचे प्रश्न मात्र मागेच राहिले, अशी खंत बहुजन समाजातून आलेल्या कार्यकर्त्यांना जाचत होती. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये गेलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख अशी मंडळी एकत्र आली. ऑगस्ट १९४७ मध्ये आळंदीला शेतकरी कामगार संघाची पायाभरणी झाली. काँग्रेसच्या आत असा गट चालणार नाही हे स्पष्ट झाल्यावर ही माणसे बाहेर पडली आणि शेकाप स्वतंत्र पक्ष म्हणून उभा राहिला. चरीच्या मातीत तापलेली कुलाब्याची गावे त्याच्या मागे आली.

१९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीत पक्षाने आपला वैचारिक प्रबंध मंजूर केला. फुल्यांच्या परंपरेतला पक्ष आता मार्क्सवाद-लेनिनवादाची कास धरत होता. ही झेप मोठी होती आणि तिची किंमतही मोठी होती. दत्ता देशमुखांसारखे लोक आणखी डावीकडे गेले, नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तर जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. संस्थापकच निघून गेले, तरी पक्ष टिकला. कारण तो पुढाऱ्यांपेक्षा गावातल्या कुळांच्या जोरावर उभा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली पक्षाचे ३१ आमदार निवडून आले. तो आकडा पुन्हा कधी गाठता आला नाही. १९६२ मध्ये १५, १९७८ मध्ये १३, १९९५ मध्ये ६, आणि २०१९ व २०२४ मध्ये प्रत्येकी एक.

कूळ मालक झाले, मग?

ही उतरण समजून घ्यायची तर १ एप्रिल १९५७ हा दिवस ध्यानात घ्यावा लागतो. कूळकायद्याचा तो कृषक दिन. कसणारे कूळ त्या दिवसापासून जमिनीचे मालक मानले गेले. ज्या मागणीसाठी पक्ष लढला ती कायद्यात आली, पण त्याबरोबर पक्षाला बांधून ठेवणारा प्रश्नही सुटत गेला. दुसरीकडे यशवंतराव चव्हाणांनी बहुजन समाजाच्या कार्यकर्त्यांना काँग्रेसची दारे उघडली. सहकारी साखर कारखाने, बँका, १९६२ नंतरच्या जिल्हा परिषदा यांतून गावात नवी सत्ता आली आणि ती बहुतेक ठिकाणी काँग्रेसच्या हाती राहिली.

जिथे पक्षाने नवा प्रश्न ओळखला तिथे मात्र तो जगला. सांगोल्याच्या दुष्काळी माळावर गणपतराव देशमुख पाण्यासाठी झटत राहिले आणि अकरा वेळा आमदार झाले. पनवेल-उरणमध्ये १९७० नंतर सिडकोने नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यातून प्रकल्पग्रस्ताला संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. पुढे रायगडच्या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील आघाडीवर होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरातल्या २२ गावांचे सार्वमत शासनाला घ्यावे लागले. खोताला धान्य किती द्यायचे, या प्रश्नाची जागा आता जमीन हाती राहणार का, या प्रश्नाने घेतली होती.

वसईची वाडी

वसईत हा दुसरा प्रश्न आधीच पिकला होता. इथला बागायतदार प्रामुख्याने लहान वाडीचा धनी. वाडीची माती वर चढवायला जिथून खणली तिथे बावखल झाले. पावसाचे गोडे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, आणि वर्षभर रहाटाने वाडीला मिळायचे. त्या पाण्यावर राजेळी केळ, पानवेल, फुले, भाजी. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, सोपटात बांधतात, ती सुकेळी. ही शेती एकरांच्या नव्हे, गोड्या पाण्याच्या हिशेबाने चालते. समुद्र दोन पावलांवर असताना उपसा वाढला की विहीर खारी होते आणि वाडी मरते.

म्हणून १९८८-८९ मध्ये हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला आणि टँकर वाड्यांतले पाणी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. वाडवळ, सामवेदी, कुपारी, कोळी, आगरी, चर्च आणि देऊळ एका मोर्चात आले. १९९० मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून वसईतही आली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली, तेव्हा गावे वगळा म्हणत पुन्हा लोक रस्त्यावर आले. आदिवासी वेठबिगारांसाठी श्रमजीवी संघटना उभी करणारे विवेक पंडित त्याच लाटेत अपक्ष आमदार झाले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, वाद न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये ती गावे पालिकेतच ठेवण्याची अधिसूचना निघाली. २०११ च्या जनगणनेतच शहराने बारा लाखांचा आकडा ओलांडला होता.

पक्ष काय करतो

वसईची आंदोलने धैर्यात कुठेच कमी नव्हती. कमी पडले ते दोन मोर्चांच्या मधले काम. मोर्चा निर्णय थांबवतो. पण विकास आराखड्याचा मसुदा वाचणे, हरकतींची मुदत पाळणे, सातबाऱ्यावरची फेरफार नोंद तपासणे, मोबदल्याच्या दराला आव्हान देणे, हे काम रोजचे आणि कंटाळवाणे असते. ते करायला गावोगाव शाखा, वर्तमानपत्र, वकील, निवडून आलेला सदस्य लागतो. शेकापने अलिबाग-पनवेलात अनेक दशके हेच केले. वसईच्याच पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे १९४५ पासून गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने वारली पाड्यांत हेच केले, आणि तिथला लाल बावटा आजही विधानसभेत पोचतो.

शेकापच्या चुकाही वसईने पाहाव्यात. पोथीवरून झालेल्या फुटी, एकेका घराण्याभोवती आकसत गेलेली संघटना, जमीन विकून शहरी झालेल्या तरुणाशी तुटलेला संवाद. तरीही विधानसभेत एकच आमदार उरला म्हणून त्या पक्षाचे आयुष्य वाया गेले असे मी मानत नाही. कूळहक्क, साडेबारा टक्के, बावीस गावांचे सार्वमत, या गोष्टी जागांच्या आकड्यात मावत नाहीत.

बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग मार्ग, वाढवण बंदर, सगळे एकाच वेळी या जिल्ह्यात आले आहे. शेतकऱ्यांच्या नव्या पक्षाची घोषणा करा असे मी म्हणत नाही. पण वसईच्या प्रत्येक गावात जमिनीच्या आणि पाण्याच्या नोंदी ठेवणारी, बावखले मोजून ती आराखड्यात राखीव करून घेणारी, निवडणूक असो-नसो बारमाही चालणारी समिती हवी. चरीची कुळे सहा वर्षे एकत्र राहिली म्हणून कायदा बदलला. वसईला तेवढ्याच चिकाटीची, आणि ती टिकवणाऱ्या संघटनेची गरज आहे.