निवृत्त डॉक्टरांचा रविवार

आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात एखादे निवृत्त डॉक्टरकाका किंवा डॉक्टरमावशी भेटतातच. प्रसादाच्या रांगेत लोक त्यांना रिपोर्ट दाखवतात आणि तेही आनंदाने बघतात. हे ज्ञान गरजू वस्त्यांपर्यंत रीतसर पोहोचवता येईल का? अमेरिकेतल्या एका बेटावर ते घडलं आहे.

दक्षिण कॅरोलिना राज्यातलं हिल्टन हेड हे सुखवस्तू निवृत्तांचं बेट. तिथे स्थायिक झालेल्या डॉ. जॅक मॅककॉनेल यांना दिसलं, की हॉटेलांत आणि बागांत राबणाऱ्या अनेकांकडे आरोग्यविमा नाही, त्यामुळे त्यांना डॉक्टरही परवडत नाही. त्याच बेटावर बरेच निवृत्त डॉक्टर मात्र मोकळे होते. त्यांची इच्छा होती, पण दोन गोष्टी आडव्या येत होत्या. अमेरिकेत वैद्यकीय परवाना राज्यागणिक वेगळा लागतो आणि हे डॉक्टर वेगवेगळ्या राज्यांतून आलेले. शिवाय कुणी दावा ठोकला तर काय, ही धास्ती.

मॅककॉनेल यांनी राज्याच्या विधिमंडळाकडे पाठपुरावा केला. विनामोबदला सेवा देणाऱ्या निवृत्त डॉक्टरांसाठी खास परवान्याची सोय झाली, विम्याचाही प्रश्न सुटला. १९९४ मध्ये 'व्हॉलंटियर्स इन मेडिसिन' हा मोफत दवाखाना सुरू झाला. पुढे अमेरिकेत इतरत्रही त्या धर्तीवर दवाखाने निघाले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. औषधं बदलतात, उपचारपद्धती बदलतात. फुकट आहे म्हणून गरिबाला जुनं ज्ञान चालेल, असं मानणं हा त्याचा अपमान आहे. परवाना मिळवणं सोपं करावं, पण ज्ञान ताजं ठेवण्याची अट सोडू नये.

आपल्याकडे ती अट आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट जमवावे लागतात. निवृत्तीनंतर हे सहज राहून जातं. दाव्याबाबत सांगायचं, तर जिथे सगळ्याच रुग्णांना मोफत सेवा मिळते, ती सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही निष्काळजीपणाची इतर कायदेशीर जबाबदारी राहतेच, म्हणून व्यावसायिक विमा हवा.

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, केंद्र सरकारने निवृत्त डॉक्टरांना स्वेच्छेने पुढे येण्याचं आवाहन केलं होतं. संकट आल्यावर आठवण काढण्यापेक्षा यादी आधीच तयार असलेली बरी.

इथे आपल्या पिढीचं काम सुरू होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मला नाडी कळत नाही. पण ऑनलाइन अर्ज भरणं, नूतनीकरणाच्या तारखा सांभाळणं, रुग्णांच्या वेळा ठरवणं, त्यांच्या नोंदी सुरक्षित ठेवणं हे आपल्यापैकी अनेकांना येतं. सत्तरीतल्या डॉक्टरांना रुग्ण तपासण्याचा कंटाळा नसतो, कंटाळा असतो तो पासवर्डचा आणि ओटीपीचा.

तेव्हा पहिली पायरी छोटीच ठेवू. मंडळातल्या निवृत्त डॉक्टरांची यादी करू: कोणता विषय, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा आहे का, महिन्यातला कोणता रविवार मोकळा. गंभीर रुग्ण पुढे कुठल्या रुग्णालयात पाठवायचा, हेही आधीच ठरवू. एवढं झालं की वस्तीत एक टेबल आणि चार खुर्च्या मांडायला वेळ लागणार नाही.