डाकोटा: रिटायर व्हायला तयार नसलेलं विमान

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी ही आजची लेखी आवृत्ती.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या हातातला फोन किती वर्षं टिकेल? तीन? फार तर चार? मग अपडेट बंद होतात, बॅटरी फुगते आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "नवीनच घ्या, परवडेल." आज आपण ज्या मशीनबद्दल बोलणार आहोत, त्याचं पहिलं उड्डाण झालं १७ डिसेंबर १९३५ ला. आणि त्याचे काही भाऊबंद आजही उडतायत. नुसते एअर शोमध्ये नाही, तर रोजच्या कामावर!

हे विमान म्हणजे डाकोटा. अमेरिकेच्या डग्लस कंपनीनं ते आधी प्रवाशांसाठी बनवलं, तेव्हा नाव होतं डीसी-३. दुसऱ्या महायुद्धात त्याचा लष्करी अवतार आला, सी-४७. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटलं आणि आपल्याकडेही तेच नाव रुळलं. दोन इंजिनं, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची. साधारण २८ सैनिक किंवा पावणेतीन टन माल. वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या प्रवासी जेटच्या एक तृतीयांशही नाही. नुसती लष्करी डाकोटाच १०,००० हून जास्त बनली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर पॅराट्रूपर उतरवायला एका रात्रीत ८०० हून अधिक निघाली होती.

पण ते टिकलं कसं?

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे उत्तर. एक तार घ्या आणि एकाच जागी वाकवा, सरळ करा, वाकवा, सरळ करा. थोड्या वेळानं ती तुटते. धातू असाच थकतो. आजची विमानं खूप उंचावर जातात, म्हणून आत हवेचा दाब वाढवावा लागतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचं शरीर फुग्यासारखं थोडं फुगतं आणि उतरताना पुन्हा आकसतं. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमानं हवेतच फुटली, ती या थकव्यामुळेच.

डाकोटात ही भानगडच नाही. आत दाब नाही, त्यामुळे फुगणं नाही आणि आकसणंही नाही. पंखातही एकाच जाड तुळईवर सगळा भार टाकलेला नाही, तो अनेक पट्ट्यांमध्ये वाटलेला आहे. एका ठिकाणी तडा गेला, तरी बाकीचे सांभाळून घेतात. पंखांचे बाहेरचे भाग बोल्टनं जोडलेले. खराब झाला? काढा, दुसरा लावा.

आणि सुट्या भागांचा तुटवडा नव्हता. युद्ध संपल्यावर हजारो डाकोटा जादा झाली आणि स्वस्तात विकली गेली. आपल्या बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं अशी युद्धातली विमानं दुरुस्त करून प्रवासी कंपन्यांना दिली.

श्रीनगर, पूंछ, लेह

आता या साधेपणाची किंमत कळते ती जागा. ऑक्टोबर १९४७. टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोहोचलेले. काश्मीरला जाणारा मुख्य रस्ता फाळणीनंतर पाकिस्तानकडे गेलेला. सैन्य वेळेत पोहोचवायचं तर हवेतूनच. २७ ऑक्टोबरच्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला घेऊन दिल्लीहून डाकोटा निघाली. हवाई दलाकडे पुरेशी विमानं नव्हती, म्हणून खासगी कंपन्यांचीसुद्धा कामाला लावली. श्रीनगरची कच्ची धावपट्टी चालली, कारण डाकोटाला गुळगुळीत काँक्रीटचे लाड लागत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये पूंछ वेढलं गेलं. आत हजारो निर्वासित. शहरातल्या लोकांनी सैनिकांबरोबर धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहर सिंग, म्हणजे सगळ्यांचे 'बाबा', यांच्या नेतृत्वाखाली डाकोटा तिथे उतरू लागली. येताना दारूगोळा आणि रसद, जाताना जखमी आणि निर्वासित. २४ मे १९४८ ला तर बाबांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहला विमान उतरवलं. अकरा हजार फुटांच्या आसपासची नवी कोरी धावपट्टी, वाटेत हिमालय आणि विमानात दाब नाही. मघाशी आपण ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तीच इथे डोकेदुखी!

याच विमानानं साधी कामंही केली. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्री आपल्या नागपूरला भेटायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल, आणि सकाळपर्यंत सगळी आपापल्या गावी परत! या 'नाइट मेल'ची सुरुवात डाकोटांनीच केली.

टिकणं आणि टिकवणं

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या कथेला दुसरी बाजू आहे. डाकोटा हवामानाच्या वर जाऊ शकत नाही, तिला त्यातूनच वाट काढावी लागते. बाजूचा वारा असला की शेपटीखाली चाक असलेलं हे विमान उतरवणं भल्याभल्यांची परीक्षा घेतं. ती पुष्कळ वेळा पडलीसुद्धा, माणसांसकट.

आपल्या हवाई दलात डाकोटाची जागा घ्यायला एव्ह्रो आलं. कानपूरला जोडलेलं पहिलं एव्ह्रो १९६१ मध्ये उडालं. तरी १९७१ च्या युद्धात, टांगाईलच्या पॅराड्रॉपमध्ये, डाकोटा होतीच. आणि खुद्द एव्ह्रोची जागा घेणाऱ्या ५६ सी-२९५ विमानांचा करार व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला. म्हणजे ६० वर्षं! विमान दणकट होतं, हे खरंच. पण नवीन घ्यायचा निर्णय लांबत राहिला, हेही तितकंच खरं. जुनं विमान उडतंय म्हटल्यावर आपण टाळ्या वाजवतो. त्यात बसणाऱ्यांना दुसरा पर्याय होता का, हेही विचारायला हवं, असं मला वाटतं.

याचं चांगलं उत्तरही आहे. अमेरिकेत ऑशकॉश गावी बासलर नावाची कंपनी जुन्या डाकोटाचा सांगाडा घेते, तो तपासून मजबूत करते, सुमारे एक मीटरनं लांबवते आणि त्याला नवी टर्बोप्रॉप इंजिनं व नवी उपकरणं बसवते. ही विमानं अंटार्क्टिकात बर्फावर स्की लावून उतरतात. याला म्हणतात टिकवणं. जुनं तसंच ताणणं वेगळं.

आपल्याकडेही एक डाकोटा परत आली. राजीव चंद्रशेखर यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटा उडवायचे. मुलानं १९४४ चं एक जुनं विमान २०११ मध्ये मिळवलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. एप्रिल २०१८ मध्ये ते कोव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला पोहोचलं. नाव 'परशुराम', क्रमांक व्हीपी ९०५. हा क्रमांक श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या पहिल्या डाकोटाचा.

हवाई दल दिनाच्या फ्लायपास्टचे व्हिडिओ बघताना जेटच्या गर्दीत एखादं संथ, घरघरणारं, शेपटीवर बसल्यासारखं विमान दिसलं, तर स्क्रोल करू नका. तिला ९० वर्षं जिवंत ठेवलंय ते ग्रीसनं हात माखलेल्या मेकॅनिकांनी.

तुमच्या घरात दुरुस्त करून करून सगळ्यात जास्त टिकलेली वस्तू कोणती? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!