गोड्या पाण्यातील मत्स्योत्पादन : देशोदेशींचे अंतर

मत्स्योत्पादन म्हटले की समुद्र, बंदरे व यांत्रिक नौका डोळ्यांसमोर येतात. तथापि मानवी आहारातील माशांचा फार मोठा हिस्सा आज नद्या, जलाशय आणि मुख्यतः खोदलेल्या तळ्यांतून येतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगातील जलचर प्राण्यांचे उत्पादन सुमारे १८.५ कोटी टन होते. त्यात अंतर्देशीय मत्स्यसंवर्धनाचा वाटा ५.९ कोटी टन, तर अंतर्देशीय मासेमारीचा केवळ १.१ कोटी टन होता. संवर्धन म्हणजे शेती आणि मासेमारी म्हणजे निसर्गाची देणगी. या दोहोंची बेरीज करून देशांची क्रमवारी लावल्यास ती दिशाभूल करणारी ठरते.

संवर्धनात चीन निर्विवादपणे अग्रेसर असून जगातील निम्म्याहून अधिक अंतर्देशीय संवर्धन एकट्या त्या देशात होते. एकाच तळ्यात निरनिराळ्या थरांत, निरनिराळे खाद्य खाणारे मासे वाढविण्याची तेथील पद्धत फार जुनी आहे. गवत्या मासा वनस्पती खातो, तर चंदेरा पाण्यातील सूक्ष्म प्लवकांवर जगतो. त्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून यांगत्से नदीत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू करणे चीनला परवडले. नदीतील मासळी घटली तरी बाजारात तुटवडा जाणवला नाही. मासेमारीत मात्र २०२२ मध्ये भारत सुमारे १९ लाख टनांसह प्रथम, बांगलादेश द्वितीय व चीन तृतीय होता.

भारतातील वाढीचे मूळ प्रयोगशाळेत आहे. कटला, रोहू व मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात सहसा नाही. त्यामुळे बीज नदीतून गोळा करावे लागे व त्यात नको त्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. खात्रीचे बीज तळ्याकाठी मिळू लागले. पुढे आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसराने याचा सर्वाधिक लाभ घेतला व तेथील मासळी बर्फात भरून कोलकात्यापर्यंत जाऊ लागली.

केवळ पाण्याची विपुलता पुरेशी नाही. ब्राझीलकडे ॲमेझॉनसारखी नदी असूनही मत्स्यशेतीत तो चीन व भारताच्या फार मागे आहे. उलट वाळवंटी इजिप्तने नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तिलापियाची तळी उभारून आफ्रिकेत पहिले स्थान मिळविले.

कंबोडियाची स्थिती सर्वांत नाजूक आहे. पावसाळ्यात मेकाँगचे पाणी चढते, तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते, सरोवर कित्येक पटींनी पसरते आणि बुडालेल्या अरण्यात मासे पोसले जातात. मेकाँगच्या वरच्या भागातील धरणांमुळे हा पूर क्षीण होत आहे. तेथील ग्रामीण कुटुंबाची प्रथिने याच माशांतून येतात आणि घरी शिजणारी ही मासळी पुष्कळदा कोणत्याच सरकारी तक्त्यात नोंदली जात नाही.