भाजलेल्या रुग्णाला ‘भारी इंजेक्शन’ का पुरत नाही?

(कुरुंदवाड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, खोल भाजलेला रुग्ण पहिले काही दिवस शुद्धीवर असतो, बोलतो, पेज पितो. घरच्यांना वाटतं, धोका टळला. मग ताप चढतो, लघवी कमी होते, रुग्ण असंबद्ध बोलायला लागतो. डॉक्टर सांगतात, इन्फेक्शन झालंय, औषधं लागू पडत नाहीत. घरचे विचारतात, ‘यापेक्षा भारी इंजेक्शन नाही का?’ आज त्याचं उत्तर बघू.

2019 चा महापूर आठवा. शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्यानं वेढलं. बाहेर मदत तयार होती, पण रस्ताच पाण्याखाली. खोल भाजलेल्या कातडीचं असंच होतं. तिथल्या रक्तवाहिन्या जळून बंद पडतात. शिरेतून दिलेलं औषध रक्तातूनच जाणार. जिथं रक्त पोचत नाही, तिथं औषध पोचत नाही. उलट ती मेलेली, ओलसर कातडी जंतूंना आयतं जेवण. त्यात मोठ्या भाजण्यानं शरीराची प्रतिकारशक्तीही खचलेली असते.

सुरुवातीला येतो स्टॅफिलोकोकस, बहुधा रुग्णाच्याच अंगावरचा. पुढे रुग्णालयातले मुरलेले जंतू येतात : स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला. स्युडोमोनासला ओल आवडते. सिंक, नळाचं तोंड, बादली ही त्याची घरं. असिनेटोबॅक्टर कोरड्या कॉटवरही कित्येक दिवस तग धरतो. यातले काही जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतात, काही आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. आणि ही विद्या ते एकमेकांना देतात! कार्बापेनेम हे राखीव औषध न जुमानणारे हे जंतू जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्वांत तातडीच्या गटात घातले. मग हाती उरतं कोलिस्टिनसारखं औषध, आणि ते किडनीला त्रास देऊ शकतं. म्हणजे भारी इंजेक्शन असतं, पण त्याची किंमतही भारी असते.

गंमत बघा. 1942 साली अमेरिकेत बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली, 492 माणसं गेली. तिथल्या भाजलेल्या रुग्णांसाठी तेव्हा दुर्मिळ असलेलं पेनिसिलिन पोलीस बंदोबस्तात आणलं होतं. 1945 च्या नोबेल व्याख्यानात खुद्द फ्लेमिंग यांनी इशारा दिला : अपुरा डोस दिलात तर जंतू औषधाला सरावतील. तसंच झालं.

मग उपाय काय? पहिला, मेलेली कातडी वेळेत काढणं आणि जखम झाकणं. दुसरा, हात धुणं. जंतू उडत येण्यापेक्षा हातावरून जास्त येतात. डॉक्टरांच्या, नर्सच्या आणि आपल्याही. म्हणून कॉटभोवती दहा पाहुणे नकोत. तिसरा, कल्चरचा रिपोर्ट बघून औषध. जखमेवर जंतू सापडले म्हणून लगेच अँटिबायोटिक हवंच असं नाही; इन्फेक्शनची लक्षणंही लागतात. डॉक्टर ‘थांबू या’ म्हणाले, तर तो हलगर्जीपणाच असेल असं धरून चालू नका.

जखम झाकायला रुग्णाची स्वतःची कातडी कमी पडते, तेव्हा दान केलेली त्वचा कामी येते. मुंबईच्या शीव रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत पाठ-मांड्यांवरचा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. ही त्वचा कायमची रुजत नाही, पण जखम बरी होईपर्यंत जंतूंची वाट अडवते. नेत्रदानाबद्दल आपण घरात बोलतो. त्वचादानाबद्दलही बोलू या.

आणि घरात कुणी भाजलंच, तर हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, वर स्वच्छ कापड, आणि थेट दवाखाना. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र मनानं देऊ नका.